बावीस किल्ल्या

गुरुवारी जयदास घरत माझ्या टेबलावर
किल्ल्यांचा जुडगा ठेवून गेला.
प्रत्येकीला पांढरी चिकटपट्टी, वर त्याचं तिरकं अक्षर:
सेक्टर एकोणीस, दोनशे तीन. कडी जरा उचलून लावा.
सेक्टर आठ, मालक दुबईला. झाडांना पाणी.
बावीस घरं. एकाही दारावर त्याचं नाव नाही.

उलव्यात ब्रोकर ब्रोकरला किल्ली देत नाही.
भाऊ भावाला देत नाही, मी तर समोरच्या गाळ्यातली,
गेल्या दिवाळीत त्याची पार्टी फोडलेली.
म्हणाला, "ताई, राहू दे तुझ्याकडं. बरं पडंल."

दुपारी चहावाला खूश होता:
घरतशेठने उधारी फेडली, तीनशे चाळीस,
वर पन्नास सोडले.
मला ते चांगलं वाटेना.

आमच्या धंद्यात चेहराही कार्पेट एरियात धरतात.
ब्रोकर उतरलेला दिसला की पार्टी कागद दोनदा तपासते.
म्हणून इस्त्रीचा शर्ट, म्हणून हप्त्यावरची गाडी,
म्हणून कसं चाललंय म्हटलं की "एक नंबर!"

जयदासचं मला ठाऊक होतं, तुकड्यातुकड्यांत.
खाडीकडच्या टॉवरची बारा टोकनं त्याच्या शब्दावर गेलेली,
बिल्डरचा फोन बंद, साइटवर गुडघाभर गवत.
पैसे त्याने खाल्ले नव्हते.
शिव्या मात्र त्याच्याच नावावर रजिस्टर झाल्या.
आणि माझं ठाऊक असणं म्हणजे काय,
तर शटर ओढताना एक अरेरे.

शोधत गेले. तो सॅम्पल फ्लॅटमध्ये होता,
खोली मोठी दिसावी म्हणून आखूड केलेल्या
त्या पलंगावर.
ताटलीत मातीची सफरचंदं,
फडताळात नुसत्या पुठ्ठ्यांची पुस्तकं,
नळ चकचकीत, मागे पाइप नाही.
गादीवरचं प्लास्टिकही त्याने काढलं नव्हतं.

एरवी मी गोल गोल बोलते, त्याचंच खाते.
इथे सरळ विचारलं:
"जयदास, जीव द्यायचा विचार येतो का मनात?"
वाटलेलं, विचारलं तर काहीतरी कोसळेल.
काही कोसळलं नाही.
तो नखाने प्लास्टिकवर रेघ ओढत राहिला.
मग म्हणाला, "येतो."
आणि बऱ्याच वेळाने,
"मना झोपच नाय, ताई. तीन महिने."

मी काही शहाणं बोलले नाही.
"सगळं छान होईल" हे वाक्य ब्रोशरमध्ये जातं.
त्याला सांगितलं, दोन वर्षांमागे मीही जात होते
वाशीच्या डॉक्टरीणबाईंकडे, दर पंधरवड्याला,
पार्टीला सांगायचे दाढ दुखते.
तो पहिल्यांदा माझ्याकडे बघून म्हणाला,
"कंची दाढ?"

फोन मीच लावला. चौदा, चार, सोळा,
फ्लॅट नंबरसारखा, एकदा ऐकला की बसतो.
पलीकडे एक बाई, मराठी, बिनघाईची.
सवयीने त्याने आधी वेळेचंच ठरवून घेतलं,
"किती मिनिटं मिळतील?"
ती म्हणाली, "तुमचं बोलून होईपर्यंत."

त्या रात्री त्याला एकटं सोडलं नाही.
मी होते, त्याची कुंदा होती, जागं राहायला म्हणून रमी होती.
शनिवारी वाशी.

टोकनं अजून अडकलेली आहेत. रेराची पुढची तारीख पडली.
शिव्यांचे फोन आता पाळीपाळीने घेतो,
माझ्या वाट्याचे मी त्याच्याहून वाईट आवाजात.
बरा झाला असं म्हणणार नाही.
सोमवारी दोन तास झोपला, काल पाच.

जुडगा मी परत दिलेला नाही.
माझ्या भिंतीवर खिळा आहे, तिथे असतो.
रोज सकाळी एक किल्ली काढून देते,
संध्याकाळी ती त्याने आणून लावायची,
चहा तेव्हा.

आज सेक्टर आठची होती.
साडेसहाला आला,
बोटांना कुंडीतली ओली माती.